शाखांच्या मॉनिटरिंगला टाईमआउट वाढवावा का?

रात्रपाळी
पुण्यात मुख्य कार्यालय, बाहेर ४२ शाखा. बहुतेक फायबरवर, पाच-सहा फोरजी सिमच्या राऊटरवर आणि भामरागडकडच्या दोन व्हीसॅटवर, म्हणजे उपग्रहाच्या लिंकवर. मॉनिटरिंगला नागिओस हे सॉफ्टवेअर. आधीच्या माणसाने सगळ्यांना एकच माप लावलंय: पिंगला ('जागा आहेस का?' ही राऊटरला हाक) एक सेकंद, एकदा चुकलं की एसएमएस. काल रात्री ३१ एसएमएस आले. सकाळी बघतो तर एकही शाखा बंद नाही. मी आता पिंग असो वा एसएनएमपी (राऊटरकडून आकडे मागवायचा प्रोटोकॉल), सरसकट टाईमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, ५ सेकंद आणि रिट्राय, म्हणजे पुन्हा विचारणं, ५ करून टाकणार आहे. माणसाने झोपायचं कधी?

लिंकवाला
झोपा खुशाल, पण सोबत पोलरही (राऊटरना ठरावीक वेळाने विचारणारा प्रोग्रॅम) झोपेल. एसएनएमपी यूडीपीवर चालतं, तिथे पोहोचल्याची पोच मिळत नाही; उत्तर आलं नाही की पोलर नुसता वाट बघतो. पहिला प्रयत्न धरून सहा वेळा ५, म्हणजे एका मेलेल्या राऊटरमागे ३० सेकंद. जेसीबीने फायबर तोडली आणि दहा राऊटर एकदम गेले की झाले ३०० सेकंद. पोलर एकेकाला विचारणारा असेल तर पाच मिनिटांचा अख्खा फेरा त्यातच संपला, धडधाकट शाखांच्या ग्राफलाही खड्डे. नेमक्या आगीच्या दिवशी तुम्ही आंधळे.

रात्रपाळी
आणि व्हीसॅट? उपग्रह ३५,७८६ किमीवर. प्रश्न जाऊन उत्तर यायला नुसत्या अंतरापायीच जवळपास ४८० मिलिसेकंद लागतात. लिंक भरलेली असली की सेकंद कधी ओलांडला कळतही नाही.

लिंकवाला
व्हीसॅटला द्या ना ३ सेकंद, नको कोण म्हणतंय? दोघींसाठी चाळीस जणींना का सैल सोडता? फायबरची शाखा एरवी १५ मिलिसेकंदांत उत्तर देते. ती ९०० वर गेली तरी तुमच्याकडे हिरवी. काउंटरवरच्या मॅडम 'सिस्टीम हँग आहे' म्हणून फोन करतायत आणि आपण म्हणतोय, इकडून तर ओके दिसतंय.

सर्व्हररूम
हे चूक. हळू चालण्यासाठी वॉर्निंगचा आकडा वेगळा असतो, टाईमआउटचा तिथे संबंध नाही. आणि तुम्ही दोघं दोन वेगळ्या रिट्रायवर भांडताय. एक पॅकेटचा: उत्तर नाही, लगेच पुन्हा विचार. दुसरा तपासणीचा, नागिओसमधला मॅक्स चेक अटेम्प्ट्स. चुकलं की आधी सॉफ्ट स्टेट (नुसता संशय), ठरलेल्या वेळा चुकलं की हार्ड (पक्कं), आणि एसएमएस हार्डलाच जातो. रात्रपाळी, तुमच्याकडे तो आकडा १ असणार. ३ करा, रिट्राय इंटरव्हल एक मिनिट. पॅकेटचे रिट्राय दोन पुरे.

जुना_इंजिनिअर
तीन नको! आमच्या एका शाखेत राऊटर आणि चहाची किटली एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर होती. किटली लावली की राऊटर रीस्टार्ट, दीड मिनिटात परत वर. तीन अटेम्प्टमुळे हार्ड स्टेट कधी आलीच नाही. दीड महिना आम्ही लिंक देणाऱ्या कंपनीशी भांडलो. शेवटी एसएनएमपीचा अपटाईम (सुरू झाल्यापासूनचा वेळ) बघितला तर दिवसातून दोनदा शून्यावर, सकाळी अकरा आणि दुपारी चार.

सर्व्हररूम
म्हणजे पकडलं ते अपटाईमने, एसएमएसने नाही. सॉफ्ट स्टेट लॉगला पाडता येतात, सकाळी चहा घेताना चाळा. (किटली वेगळ्या बोर्डावर लावून.)

जुना_इंजिनिअर
सकाळी लॉग चाळणारा माणूस मला दाखवाच एकदा. मोबाईल वाजला तरच कोणीतरी उठतं. फायबरला माझ्याकडे २ च राहणार.

लिंकवाला
रात्रपाळी, एक राहिलंच. शाखांना पेरेंट, म्हणजे वाटेत आधी लागणारा राऊटर, लावलेत का? मुख्य कार्यालयाचा राऊटर पेरेंट असेल आणि तोच गेला, तर नागिओस मागच्या शाखांना डाऊन म्हणत नाही, अनरीचेबल म्हणतो: शाखा नव्हे, वाट बंद.

रात्रपाळी
ती ओळच नाही कॉन्फिगमध्ये. का?

लिंकवाला
त्या ३१ पैकी एकाच मिनिटातले किती, बघा बरं.

रात्रपाळी
२:१४ ला २६.