एक्सपीवर पायथन टाकायचा अट्टहास कशासाठी?

गिरगावची_शाई:
गिरगावात आमचा लहानसा छापखाना आहे. पत्रिका, मंडळांचे अहवाल, वर्गणीच्या पावत्या. विंडोज एक्सपीचं जुनं मशीन, त्यावर पानं मांडायचं सॉफ्टवेअर पेजमेकर ७ आणि युनिकोड (अक्षरं साठवायची आजची सामायिक पद्धत) येण्याआधीचे मराठी फाँट. या फाँटांतला मजकूर व्हॉट्सअॅपवर टाकला की नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. म्हणून तो युनिकोडमध्ये बदलणारा रूपांतराचा प्रोग्राम पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिला. गंमत अशी की जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर येते. रफाराचं बरोबर उलटं. त्यातच चार रविवार गेले.

एक्सपीवर पायथन ३.४ च्या पुढे चढत नाही, आणि ३.४ मध्येही तयार इन्स्टॉलर ३.४.४ पर्यंतच आहे. तोही एक्सपीवरून उतरवता येईना, कारण तिथल्या इंटरनेट एक्सप्लोररला टीएलएस १.२ (वेबसाइटशी सुरक्षित जोडणीची पद्धत) कळत नाही. शेवटी पेनड्राइव्हवरून टाकला. आता मस्त चालतोय. भाचा म्हणतो, मशीन भंगारात घाला. मी म्हणतो, चालतंय ते चालू द्या. कोणाचं बरोबर?

ठाणे_स्लो:
भाच्याचं. काका, एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले. आणि रूपांतर त्याच मशीनवर कशाला? पेजमेकरमधून मजकूर एक्स्पोर्ट करा, नव्या लॅपटॉपवर ताजा पायथन वापरा. खरं तर अख्खी डिस्कच व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे नव्या लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात घ्या.

गिरगावची_शाई:
फाँटच्या सॉफ्टवेअरचा डाँगल (ज्याशिवाय ते चालत नाही अशी किल्लीवजा डबी) प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागतो. नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नाही. यूएसबीचा कन्व्हर्टर आणला, त्यावर प्रिंटर चालतो, डाँगल नाही. आणि आता हे मशीन नेटवर नाहीच, मग व्हायरस येणार कुठून?

ठाणे_स्लो:
पेनड्राइव्हमधून! कॉन्फिकर व्हायरस आठवतो का? ऑटोरनवरून, म्हणजे पेनड्राइव्ह लावताच त्यातलं आपोआप चालू होण्याच्या सोयीवरून पसरायचा. आधी ऑटोरन बंद करा, मग वाद घालू. २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या व्हायरसने न्हावाशेवा बंदरातलं टर्मिनल बंद पाडलं होतं, तुमचा छापखाना किस झाड की पत्ती.

जुना_कोडर:
उदाहरण चुकलं, साहेब. नॉटपेट्या मुळात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच घुसला होता. सगळे अपडेट टाकलेली मशीनंही त्याने आडवी केली. त्याच वर्षीच्या वॉनाक्राय व्हायरसचे बहुतेक बळीही विंडोज ७ वाले होते, एक्सपीवाले नव्हे. जुनं म्हणजे धोका आणि नवं म्हणजे सुरक्षित, इतकं सोपं नाही ते.

मास्तरीण:
छापखान्याचं समजू शकते, तिथे पोटाचा प्रश्न आहे. पण याच 'चालतंय ना' पायी आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रोग्रामिंग शिकवायला अजून टर्बो सी++ हा जुना कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत बदलणारं सॉफ्टवेअर) आहे. १६ बिटचा प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर चालत नाही, म्हणून डॉसबॉक्स या जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये ती निळी खिडकी उघडतो. तिथे इंटची, म्हणजे साध्या पूर्णांकाची मर्यादा ३२७६७. पोरांनी ८ चं फॅक्टोरियल (१ ते ८ चा गुणाकार) काढलं की उत्तर उणे येतं. ४०३२० च्या जागी उणे २५२१६! निम्म्या वर्गाला वाटतं, आपलंच लॉजिक चुकलं. शिवाय त्यात प्रोग्रामच्या सुरुवातीला लिहायची आयोस्ट्रीम डॉट एच ही ओळ नव्या कंपायलरला चालत नाही, ते सगळं नंतर विसरायला लावायचं.

जुना_कोडर:
मास्तरीणबाई, उणे उत्तर का आलं हे त्याच तासाला सांगितलंत, तर टर्बो सीसारखा मास्तर नाही.

मास्तरीण:
सांगते की. परीक्षक सांगत नाहीत, मार्क कापतात.

लॅमिंग्टन_वारी:
काका, वाद राहू द्या. डिस्क केव्हाची आहे? ती गेली तर पायथन कुठला चढतो याला काय अर्थ! आज तिची हुबेहूब प्रत काढा. आणि पॅरलल पोर्टवाला एखादा जुना मदरबोर्ड लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळाला तर उचलून ठेवा.

गिरगावची_शाई:
डिस्क मशीनच्याच वयाची आहे, हे आत्ता लिहिताना पोटात गोळा आला. ऑटोरन बंद केलं. रूपांतर भाच्याच्या लॅपटॉपवर नेतो, तेवढं ठाणेकरांचं ऐकलं. प्रत रविवारी काढतो. मशीनला मात्र लग्नसराई संपेपर्यंत कोणी बोट लावायचं नाही.