जागा देशाची असते, खेळाडूची नव्हे
दादा, तुम्ही लिहिलंय की राष्ट्रीय चाचणीत पहिला आला म्हणजे ऑलिंपिकला गेलाच. तसं नाही. आइस स्पीड स्केटिंगमध्ये हिवाळ्यातल्या विश्वचषक मालिकेतले गुण आणि वेळ यांवरून जागा ठरतात, त्या देशाला मिळतात. शिवाय किमान पात्रता वेळ गाठावीच लागते. मिळालेल्या जागांवर कोणाला पाठवायचं, हे मग त्या देशाचा संघ ठरवतो. नेदरलँड्समध्ये यासाठी हीरनफेनला होणारी चाचणी इतकी कठीण की तिथे जगज्जेतेही गळतात.

२०२२चं उदाहरण बघा. ५०० मीटरमध्ये तेव्हा जगात अव्वल असलेली एरिन जॅक्सन अमेरिकेच्या चाचणीत घसरली आणि तिसरी आली. जागा दोनच! पहिल्या आलेल्या ब्रिटनी बो हिने आपली जागा तिला दिली. बीजिंगमध्ये एरिनने सुवर्ण जिंकलं. पुढे एक जागा वाढली, त्यामुळे ब्रिटनीही ५०० मीटर धावली, याचा मला फार आनंद झाला.

या दोघीही मूळच्या इनलाइन स्केटर, म्हणजे चाकांवरच्या. आमच्या फोंड्यात बर्फ कुठला! माझी भाची पहाटे, रस्त्यावर गाड्या सुरू व्हायच्या आधी सराव करते. जून लागला की पावसाने तोही बंद. रोलर स्केटिंग ऑलिंपिकमध्ये नाही, पण २०२३ला हांगझोऊच्या आशियाई खेळांत होतं, आणि तिथे ३००० मीटर रिलेत भारताच्या मुलींनी आणि मुलांनी कांस्य आणलं. तिला मी सध्या तेच दाखवतो.