आधुनिक विज्ञान ख्रिस्ती तत्त्वज्ञानाच्या पोटी जन्मले काय?

घटपटवाला
गेल्या आठवड्यात येथे एका सदस्यांनी विज्ञानाच्या जन्माविषयी लेख लिहिला. विश्वाला नियम घालून देणारा एकच बुद्धिमान ईश्वर आहे, या ख्रिस्ती श्रद्धेवाचून निसर्गाचे नियम शोधावेत हे कोणाला सुचलेच नसते. पृथ्वी फिरते म्हणणाऱ्या गॅलिलिओवर चर्चने चालवलेल्या खटल्याचे प्रकरण विरोधकांनी फुगवले आहे. आणि आपले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, शतकानुशतके घट (मडके) आणि पट (वस्त्र) या ठरीव उदाहरणांतच अडकून पडले, असा त्याचा सारांश होता. दोन ओळींच्या प्रतिसादाने माझे समाधान होईना, म्हणून हा स्वतंत्र धागा.

पहिला मुद्दा मूळचा फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ प्येर द्युएम यांचा. १२७७ साली पॅरिसचे बिशप एतियेन ताँपिए यांनी २१९ विधाने निषिद्ध ठरवली. ईश्वराला एकाहून अधिक विश्वे निर्माण करता येणार नाहीत, अशा धर्तीची अॅरिस्टॉटलच्या वळणाची विधाने त्या यादीत होती, आणि त्यांवर बंदी आल्यामुळेच विद्वान अॅरिस्टॉटलच्या पलीकडे पाहू लागले, असे द्युएम यांचे म्हणणे. बंदीहुकुमातून मुक्त चिंतन जन्मले, असे मानायला फार मोठी श्रद्धा लागते. शिवाय तीनच वर्षांपूर्वी वारलेल्या थोर ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसची समजली जाणारी काही मतेही त्याच यादीत सापडली होती, हे लेखक सोयीस्करपणे विसरले.

बरे, नियंता ईश्वर असला की विज्ञान जन्मते, तर पूर्वेकडच्या ग्रीकभाषक ख्रिस्ती साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलमध्ये, तोच ईश्वर आणि तेच बायबल होते, आणि ग्रीक ग्रंथ तर मूळ भाषेत घरच्या कपाटात होते. मग हजार वर्षांत तेथे एखादा गॅलिलिओ का निपजला नाही? प्रकाशाविषयीची अनुमाने प्रयोगाने तपासणारा इब्न अल्-हैथम मुसलमान होता. आणि घटाची चेष्टा करण्यापूर्वी मिथिलेच्या नैयायिक उदयनाचार्यांची ‘न्यायकुसुमांजली’ उघडायची होती. घटावरून कुंभार, तसे जगावरून ईश्वर, हे अनुमान त्यांनी मांडल्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी थॉमसने कारणांच्या साखळीवरून आदिकारण गाठले. पॅरिसात जे तत्त्वज्ञान ठरते, ते मिथिलेत मडके का ठरावे?

कुपारी वसईकर
कॉन्स्टँटिनोपलचा मुद्दा बिनतोड आहे, आणि तो मला सुचला नाही याचे वाईट वाटते. मूळ लेख मलाही आवडला नव्हता. परंतु त्याला उत्तर देण्याच्या भरात आपण दुसऱ्या टोकाला गेला आहात. चर्चच्या इतिहासात आपल्याला बंदीहुकुमाखेरीज काही दिसतच नाही.

१६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाच्या वेळी मी नऊ वर्षांचा होतो. शनिवारची दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हते, आणि आमच्या आजीने, जी रोज पहाटे मिस्सेला जात असे, खिडक्यांना गोधड्या लावल्या होत्या. आमच्या धर्मगुरूंनी मात्र आम्हा पाच-सहा मुलांना चर्चच्या आवारात बोलावून घेतले, लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला दाभणाने भोक पाडले, आणि चुन्याच्या भिंतीवर चंद्रकोरीसारखा खाल्लेला सूर्य पाडून दाखवला. नंतर त्यांनी चिंचेखालच्या सावलीकडे बोट केले. पानांच्या फटींतून जमिनीवर शेकडो कोरी सांडल्या होत्या.

पुढे कळले, की बोलोन्याच्या सान पेत्रोनियो चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ कासिनीने १६५५ साली हाच खेळ भव्य प्रमाणात मांडला होता. छताला भोक पाडले, फरशीवर सुमारे ६७ मीटर लांबीची मध्यान्हरेषा आखली, आणि तिच्यावर पडणाऱ्या सूर्यबिंबाचा आकार वर्षभर मोजून केप्लरचे ग्रहकक्षांचे गणित तपासले. बोलोन्या तेव्हा पोपच्या राज्यात होते, आणि गॅलिलिओच्या खटल्याला अवघी बावीस वर्षे झाली होती.

निरीश्वर
भोक पाडले ते ईस्टरची तारीख नेमकी काढण्यासाठी. पंचांग सुधारण्यासाठी आकाश पाहणे आणि आकाश पाहून धर्मग्रंथाचा अर्थ बदलणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्याला चर्चने पैसे दिले, दुसऱ्यासाठी १६३३ साली एका सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला गुडघ्यावर बसवून शपथ घ्यायला लावली आणि कोठडीत कुजवले.

मी कोणत्या अनुभवावरून बोलतो तेही सांगतो. माझ्या आईला मधुमेह होता. शेजारणीच्या आग्रहाने ती एका प्रार्थनासभेला जाऊ लागली. तेथील पास्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून ती बरी झाल्याचे जाहीर केले, आणि तिने इन्सुलिन बंद केले. अकराव्या दिवशी आम्ही तिला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात नेले. ती वाचली, पण पायाची दोन बोटे गेली. श्रद्धा आणि बुद्धी यांच्या समन्वयावरची प्रवचने मला ऐकवू नयेत.

कुपारी वसईकर
आपल्या मातोश्रींच्या बाबतीत घडले तो गुन्हाच आहे, त्याचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु त्या पास्टरांचे माप थॉमसच्या पदरात का घालता? सूर्यचंद्राविषयी अडाणी विधाने करून ख्रिस्ती माणसांनी जाणकारांपुढे स्वतःचे आणि धर्मग्रंथाचे हसे करून घेऊ नये, असे संत ऑगस्टीनने पाचव्या शतकातच बजावले होते, आणि गॅलिलिओने १६१५ च्या आपल्या प्रसिद्ध पत्रात त्याच ऑगस्टीनचा आधार घेतला होता. आणि कोठडी नव्हे. आर्चेत्री येथील स्वतःच्या घरात नजरकैद.

निरीश्वर
घरातच होय? मग मरेपर्यंत, १६४२ पर्यंत, ती मोठी चैनच झाली म्हणायची.

फोंडेकर
बोलोन्या झाले, पॅरिस झाले, आता जरा घराजवळ येऊ. गार्सिया द ओर्ता हे नाव या धाग्यावर अजून कोणी कसे काढले नाही? हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला, मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते, आणि १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात हिंग, आंबा, फणस, मिरी यांच्याबरोबर पटकीच्या रोग्याचे वर्णनही आहे. प्राचीन ग्रीकांनी काय लिहिले यापेक्षा मी डोळ्यांनी काय पाहिले ते महत्त्वाचे, अशी त्याची वृत्ती होती. यालाच विज्ञान म्हणतात ना? तो १५६८ मध्ये वारला, पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जिवंत जाळले, आणि १५८० मध्ये त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली. जुन्या गोव्याला जाणारे पर्यटक चर्चसमोर फोटो काढतात, तेव्हा मला ती हाडे आठवतात.

कुपारी वसईकर
हे येणारच होते. चर्चेचा विषय कोणताही असो, चौथ्या-पाचव्या प्रतिसादाला गोव्याचे इन्क्विझिशन येते आणि त्याचा जाब वसईच्या एका निवृत्त कारकुनाकडे मागितला जातो. ओर्ताची हाडे जाळली ती तो गुप्तपणे यहुदी धर्म पाळत असल्याच्या आरोपावरून; वनस्पतिशास्त्रासाठी नव्हे. उलट त्या ग्रंथावर इन्क्विझिटर आलेशु दियश फाल्काँव यांची संमती छापलेली आहे.

फोंडेकर
धन्यवाद, माझे काम आपणच सोपे केलेत. म्हणजे पुस्तकाला मंजुरी देणाऱ्यांनीच पुस्तक लिहिणाऱ्याची हाडे जाळली. त्यांना हिंगाविषयीचे सत्य चालत होते, फक्त सत्य सांगणारा माणूस शुक्रवारी रात्री घरात काय पुटपुटतो ते चालत नव्हते. आणि जाब मागितल्याचे म्हणाल, तर १६८४ च्या फर्मानाने आमच्या पूर्वजांना तीन वर्षांत कोंकणी टाकून पोर्तुगीज बोलायला सांगितले होते. त्या भाषेत मी आज घरी बोलतो, म्हणून मला विचारण्याचा हक्क आहे.

कुपारी वसईकर
भाषेचाच विषय काढलात, तर १६१६ साली गोव्यातील राशोलला छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत लिहिणारा फादर स्टीफन्स जेझुइट संघाचा इंग्रज धर्मगुरू होता, हेही एकदा म्हणा. आपल्या यादीत फर्माने असतात, ओव्या कधीच नसतात.

घटपटवाला
आणि त्याच १६१६ साली रोममध्ये पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणारा कोपर्निकसचा ग्रंथ ‘दुरुस्त होईपर्यंत’ स्थगित करण्यात आला. योगायोगच आहे, पण आपण दोघे भांडत असताना मला तो आठवला.

शाळामास्तरीण
मी सकाळपासून वाचते आहे. ओर्ताची हाडे पुन्हा पुरून मूळ प्रश्नाकडे वळता येईल का? आपण सगळे ‘ख्रिस्ती’ हा शब्द असा वापरता, जणू ते एकच घर आहे. मी एका मिशनरी शाळेत सहा वर्षे जीवशास्त्र शिकवले. तेथे व्यवस्थापनाने मला उत्क्रांतीचा धडा ‘मुलांनी घरी वाचावा’ असे सांगून पुढे जायला लावले. ती मंडळी कॅथलिक नव्हती. पोपने मानवी देहाच्या उत्क्रांतीवर संशोधन आणि चर्चा करायला १९५० मध्येच मुभा दिली होती, आणि १९९६ मध्ये दुसऱ्या जॉन पॉल यांनी उत्क्रांती नुसत्या गृहीतकापेक्षा अधिक असल्याचे मान्य केले. हे मी बैठकीत सांगितले, तर पोपचे नाव काढल्याबद्दल उलट मलाच समज मिळाली. वसईकरांच्या धर्मगुरूंची भिंत आणि माझ्या शाळेचा फळा, दोन्ही ‘ख्रिस्ती’च.

घटपटवाला
ताई, हे मान्य, आणि माझ्याही लिखाणात ती चूक झाली आहे. ओर्ताच्या पुस्तकावर इन्क्विझिटरची संमती होती, हेही मला ठाऊक नव्हते; तेवढ्यापुरता वसईकरांचा ऋणी आहे. आता माझे म्हणणे अधिक नेमके मांडतो.

थॉमसच्या मांडणीत बुद्धीला मानाचे पान आहे, हे मी नाकारत नाही. ईश्वराचे अस्तित्व बुद्धीने सिद्ध करता येते, त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच ईश्वर) मात्र केवळ ईश्वरी प्रकटीकरणानेच कळते, आणि दोन्ही सत्ये एकाच उगमातून आलेली असल्यामुळे त्यांच्यात खरा विरोध असूच शकत नाही, अशी ती सुबक मांडणी आहे. अडचण येते ती विरोध दिसू लागल्यावर. कार्डिनल बेलार्मिन यांनी १६१५ च्या पत्रात लिहिले होते, की पृथ्वी फिरते याचा खरा पुरावा असेल, तर धर्मग्रंथाचा अर्थ फार सावधपणे पुन्हा लावावा लागेल, परंतु असा पुरावा आपण पाहिलेला नाही. हे वाक्य कोणत्याही प्रयोगशाळेत शोभले असते. गॅलिलिओने दिलेला भरती-ओहोटीचा पुरावा चुकीचाच होता, आणि पृथ्वी फिरल्यामुळे दिसणारे ताऱ्यांचे स्थानांतर खगोलशास्त्रज्ञ बेसेलने मोजले ते १८३८ साली. म्हणजे निव्वळ पुराव्याच्या हिशेबाने बेलार्मिन यांची बाजू दुबळी नव्हती. पण १६३३ चा निकाल ‘पुरावा अपुरा आहे, आणखी मोजा’ असा नव्हता. ‘पाखंडाचा तीव्र संशय’ असा होता. पुरावा पुरेसा झाला की नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्या कचेरीकडे होता, तिच्याकडे तुरुंगही होता. माझा आक्षेप थॉमसवर नाही, त्या कचेरीवर आहे.

कुपारी वसईकर
कचेरीवर माझाही आहे. परंतु त्याच चर्चमध्ये झगा घालणाऱ्या जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये विश्व प्रसरण पावते असे गणिताने दाखवले, आणि १९५१ मध्ये पोप बाराव्या पायसने त्या सिद्धांतात सृष्टिनिर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा नाराज होऊन भौतिकशास्त्र आणि धर्मशास्त्र वेगळे ठेवण्याचा आग्रह धरणारेही लमेत्रच होते. पोपने पुन्हा तसे विधान केले नाही.

निरीश्वर
पोपलाच गप्प बसवणारा धर्मगुरू, हे उदाहरण आवडले. माझ्या बाजूने वापरीन. सान पेत्रोनियोची फरशी पाहण्यासारखी असावी, एवढेही कबूल करतो. ओर्ताविषयी फोंडेकरांशी सहमत.

फोंडेकर
हाडांचे उत्तर अजून मिळालेले नाही.

कुपारी वसईकर
मिळणारही नाही, त्याला उत्तर नाही. २ ऑगस्ट २०२७ ला संध्याकाळी आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. पावसाळी ढगांमुळे बहुधा काही दिसणार नाही, तरी लग्नपत्रिका मी जपून ठेवली आहे. निरीश्वरांनी यावे. चिंच मात्र तोडली, तेथे आता वाहनतळ आहे.