स्त्री, भेडिया, मुंज्या, स्त्री २, थामा: कोणत्या क्रमाने पाहायचे?

ओसरीवर (धागाकर्ता)

मॅडॉक या निर्मितीसंस्थेच्या भुताखेतांच्या मालिकेतले पाचही चित्रपट शुक्रवार रात्र ते रविवार एवढ्या वेळात बसवायचे आहेत. पाहणारे सहा जण. त्यातल्या चौघांनी एकही पाहिलेला नाही, दोघांनी फक्त 'स्त्री २' पाहिलाय आणि तोही अर्धवट समजलाय. मुलं दोन, वय १० आणि १३.

विचारायचं आहे ते असं: प्रदर्शनाच्या क्रमाने पाहावं की कथेतल्या काळाच्या क्रमाने? 'रूही' यात धरतात का? एखादा गाळायचाच झाला तर कुठला? आणि नावं पडायला लागल्यावर कुठे कुठे बसून राहायचं?

कृपया रसभंग टाळा. कोणाला शक्ती मिळते एवढं सांगितलं तर चालेल, शेवट नको.

---

शेवटची रांग

प्रदर्शनाचा क्रम. डोळे मिटून.

स्त्री (ऑगस्ट २०१८)
भेडिया (नोव्हेंबर २०२२)
मुंज्या (जून २०२४)
स्त्री २ (ऑगस्ट २०२४)
थामा (ऑक्टोबर २०२५)

कारण साधं आहे. पहिले तीन चित्रपट 'कोणाला काय झालं आणि कसं झालं' हे सांगतात. 'स्त्री २' आणि 'थामा'मध्ये ही माणसं एकमेकांच्या गोष्टीत घुसतात. आधी ओळख झालेली नसेल तर घुसणारा पाहुणा नुसता पाहुणाच वाटतो. तुमच्या दोघांना 'स्त्री २' अर्धवट समजला तो याचमुळे. शेवटाकडे येणारा लांडगा कोण, त्याची आणि जना या पात्राची ओळख कुठली, याचं उत्तर 'भेडिया'त आहे आणि 'स्त्री २' ते पुन्हा उगाळत बसत नाही.

गाळायचा विषय निघाला की पहिला बळी 'भेडिया'चा जातो, कारण तो पाचांत सर्वात लांब आहे (अडीच तासांहून थोडा जास्तच) आणि त्याचा गाजावाजाही कमी झाला. नेमकी हीच चूक आहे. 'भेडिया' हा या मालिकेचा खुंटा आहे. वरुण धवनचा भास्कर पुढच्या तीनही चित्रपटांत डोकावतो: 'मुंज्या'त नावं पडताना, 'स्त्री २'त शेवटच्या झुंजीत आणि 'थामा'त चक्क हाणामारीला. सुपरहिरो म्हणावा असा यात कोणी असेल तर तोच. बाकीचे आपापल्या गावातली बला निस्तरतात, हा दुसऱ्यांच्या गावात जाऊन निस्तरतो.

दुसरा धागा म्हणजे जना, अर्थात अभिषेक बॅनर्जी. 'स्त्री'मध्ये तो चंदेरी गावात विकी (राजकुमार राव) आणि बिट्टू या मित्रांबरोबर आहे, 'भेडिया'त भास्करचा भाऊ म्हणून अरुणाचलात जातो आणि 'स्त्री २'त दोन्हीकडच्या ओळखी घेऊन चंदेरीला परततो. विनोदी पात्र म्हणून त्याला सोडून देऊ नका. सांधा तोच आहे.

गाळायचाच असेल तर 'मुंज्या' गाळा. चित्रपट वाईट आहे म्हणून नव्हे, तर तो न पाहता 'स्त्री २' पाहिला तरी काही अडत नाही म्हणून.

आता बसून राहण्याबद्दल. 'स्त्री'मध्ये शेवटचं बसमधलं दृश्य चुकवू नका, आणि तिथे वेणीकडे लक्ष ठेवा. 'भेडिया'त नावं सुरू झाली की उठू नका, विकी आणि बिट्टू तिथेच येतात. 'मुंज्या'चं वर सांगितलंच. 'स्त्री २'त झुंज संपली म्हणून रिमोट उचलू नका, अक्षय कुमारच्या पात्राचं पुढे काय होतं ते नंतर आहे.

---

कोकणकडा

वरचा क्रम बरोबर आहे, पण मराठी घरासाठी मी 'मुंज्या' पहिला ठेवीन.

तो पाचांतला सर्वात आटोपशीर, दोन तास आणि वर काही मिनिटं. आदित्य सरपोतदार दिग्दर्शक, गोष्ट कोकणातली आणि पुण्यातली, आजी सुहास जोशी. मुळात हे भूतच आपलं आहे. मुंज झालेला पण सोडमुंज होण्याआधी वारलेला मुलगा पिंपळावर राहतो, लग्नाची हौस राहून गेलेली असते, ही समजूत कोणाला समजावून सांगावी लागत नाही. चित्रपटाने त्यात स्वतःचे नियम घातलेत, पण पाया तोच आहे. पहिल्याच चित्रपटाने पाहणारे बांधले गेले की पुढचे चार आपोआप होतात.

तोटा एकच: नावं पडताना येणारा भास्कर कोण ते कळणार नाही. ती दोन-तीन मिनिटं 'भेडिया' झाल्यावर परत लावा, काम झालं.

अवांतर: 'थामा'तले बेताळ पाहताना आपल्याकडचा वेताळ डोक्यातून काढून ठेवा. गोव्यात आमोण्याला बेताळाचं देऊळ आहे, बेताळभाटी या गावाच्या नावातच तो आहे, तळकोकणातही तो गावाची राखण करणारा देव. चित्रपटातला बेताळ रक्ताशी जोडलेला आहे, त्याची चाल पाश्चात्त्य व्हॅम्पायरची आहे. राखणदाराच्या अपेक्षेने बसलात तर पहिला अर्धा तास 'हे काय भलतंच' यातच जाईल.

---

शेवटची रांग

@कोकणकडा, 'मुंज्या' पहिला ठेवायला हरकत नाही, पण मग 'स्त्री' दुसरा येतो आणि तिथे गोची होते. 'मुंज्या'तलं भूत संगणकावर बनवलेलं, सतत समोर, सतत बडबडणारं. 'स्त्री'ची सगळी भीती न दिसण्यावर आहे: भिंतीवरचं 'ओ स्त्री कल आना', अंधारी गल्ली, मागून मारलेली हाक. भरपेट जेवणानंतर सोलकढी पुढे करावी तसं होतं ते, चव कळत नाही. आधी कमी दाखवणारा, मग जास्त दाखवणारा. प्रदर्शनाच्या क्रमात ही चढण आपोआप मिळते.

(ते 'कल आना' मूळचं चंदेरीचं नाहीच. १९९०च्या दशकात बंगळुरूकडे दारांवर कानडीत 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', लिहायचे, त्यावरून ते घेतलंय.)

---

रीळवाला

दोघांचंही थोडं थोडं घेऊन तिसरा क्रम सुचवतो: स्त्री, भेडिया, स्त्री २, मग मुंज्या, थामा.

पहिले तीन अमर कौशिकचे, शेवटचे दोन सरपोतदारचे. दिग्दर्शक एकच असल्याने सूर टिकतो. पहिल्या तिघांत जनाचा धागा सलग राहतो. नंतरच्या दोघांतही दुवा आहे: 'मुंज्या'त सत्यराजने केलेला एल्विस करीम प्रभाकर 'थामा'त पुन्हा दिसतो, आणि लगोलग पाहिलं तर तो लगेच ओळखू येतो. मध्ये 'स्त्री २' घातला की मुलं विचारणार, 'हा कोण?'

किंमत काय मोजावी लागते? 'मुंज्या'तला भास्कर 'स्त्री २'नंतर दिसतो एवढंच. कथेत त्याने काही बिघडत नाही. शिवाय ज्यांनी 'स्त्री २' पाहिलाय ते दोघं शनिवारी दुपारपर्यंत बाकीच्यांच्या बरोबरीला येतात.

कथेतल्या काळाचा क्रम मात्र विसरा. तो काटेकोर लावायचा तर 'थामा' पहिला येईल, कारण त्याची सुरुवात सिकंदराच्या काळात आहे, आणि 'मुंज्या' दुसरा, कारण तो १९५२ मध्ये सुरू होतो. दोन्ही प्रसंग नुसती पार्श्वभूमी आहेत, त्यावर क्रम ठरवणं म्हणजे कुळवृत्तांत वाचून लग्नाचा मुहूर्त काढणं.

'रूही' (२०२१): नाही. सुरुवातीला तो या मालिकेत धरला जायचा, म्हणून जुन्या याद्यांत सापडतो. निर्मात्यांनी जानेवारी २०२५ मध्ये पुढच्या आठ चित्रपटांचं वेळापत्रक जाहीर केलं, तोवर तो मालिकेतून बाहेर पडलेला होता. पाहिला तर उलट गोंधळ होईल, कारण राजकुमार राव त्यातही आहे पण विकी म्हणून नाही, भलत्याच पात्रात. पाहणारे अर्धा तास 'हा चंदेरीहून इथे कधी आला?' करत राहतात.

वेळेचं गणित. पाच मिळून पावणेबारा तासांच्या आसपास होतात.

शुक्रवार रात्र: स्त्री (२ तास ८ मिनिटं).
शनिवार: दुपारी भेडिया, जेवणानंतर स्त्री २. यात किमान तीन तासांचं अंतर ठेवा. दोन्ही अडीच-अडीच तासांचे आहेत, सलग लावले तर 'स्त्री २'च्या मध्यावर निम्मे लोक पेंगतात.
रविवार: सकाळी मुंज्या, संध्याकाळी थामा.

आता ज्यावर कोणी बोलत नाही ते. 'भेडिया'चा मोठा भाग रात्रीच्या जंगलात आहे. टीव्हीचा वीज वाचवणारा मोड चालू असेल तर खोलीतला उजेड कमी झाला की टीव्ही स्वतःच पडदा आणखी मंद करतो, आणि लांडग्याऐवजी काळा चौकोन दिसतो. म्हणून: ईको मोड बंद, आजूबाजूचा उजेड मोजून प्रकाश बदलणारी सोय बंद, पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'मूव्ही', आणि खोलीतले दिवे मालवा. 'व्हिविड' लावू नका, त्यात अंधाराचे बारकावे जातात आणि संगणकावर बनवलेले केस प्लास्टिकसारखे चकाकतात.

आवाज: या चित्रपटांत कुजबूज फार आणि मग एकदम ढाण्णकन दचकवतात. कुजबूज ऐकायला आवाज वाढवला की पुढच्या मिनिटाला शेजारी दार वाजवतो. टीव्हीत किंवा साउंडबारमध्ये 'नाइट' किंवा 'डायलॉग' मोड असतो, तो लावा. उपशीर्षकंही चालू ठेवा. 'स्त्री'तली हिंदी बुंदेली वळणाची आहे, भरभर बोलतात, आणि पंकज त्रिपाठीचे निम्मे विनोद तोंडातल्या तोंडात असतात.

शेवटची नावं: ओटीटीवर नावं सुरू झाली की चित्र कोपऱ्यात आक्रसतं आणि दहा-पंधरा सेकंदांत पुढचं काहीतरी सुरू होतं. सेटिंगमध्ये 'ऑटोप्ले' बंद करून ठेवा, नाहीतर त्या छोट्या चौकटीवर लगेच टिचकी मारा. टीव्ही चॅनेलवर पाहत असाल तर आशा सोडा, तिथे नावं बहुतेक वेळा कापतात.

---

ओसरीवर (धागाकर्ता)

तपशिलाबद्दल सर्वांचे आभार. रीळवालांचा क्रम घेतोय. १० वर्षांच्या मुलाचं काय? आणि 'मुंज्या'च्या ट्रेलरमध्ये बिट्टू आहे, 'स्त्री'तही बिट्टू आहे. एकच का?

---

जायफळ

बिट्टू दोन आहेत, संबंध शून्य. चंदेरीचा बिट्टू अपारशक्ती खुराना, पुण्याचा बिट्टू अभय वर्मा. लेखकांना दुसरं नाव सुचलं नाही की काय कोण जाणे. सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून ठेवा.

मुलांबद्दल, एकेक करून:

'स्त्री' चालेल. रक्त जवळपास नाही, माणूस नाहीसा होतो आणि मागे कपडे उरतात. द्व्यर्थी संवाद आहेत, पण ते १० वर्षांच्या डोक्यावरून जातात. १३ वर्षांच्या जात नाहीत, तयारी ठेवा.

'भेडिया'त भीतीपेक्षा शी-शूचे विनोद जास्त. लांडगा चावतोही ढुंगणाला. मुलांना पाचांतला हाच सर्वात आवडण्याची शक्यता आहे. माणसाचा लांडगा होतानाचं हाडं मोडण्याचं दृश्य मात्र लांबलचक आहे.

'स्त्री २'मध्ये धडावेगळं मुंडकं स्वतंत्र हिंडतं. दिसायला भयंकर, पण इतकं अचाट की मुलं हसतातही. झोपायच्या आधी मात्र नको, म्हणून शनिवारी तो दुपारी आणि 'भेडिया' रात्री अशी अदलाबदल करण्याचा मोह होईल. करू नका, लांडग्याचं सगळं उलटं होईल. त्यापेक्षा 'भेडिया' सकाळी दहाला लावा आणि 'स्त्री २' दुपारी चारला.

'मुंज्या' वरवर पोरकट वाटतो, पण माझ्या मते लहानांसाठी हाच सर्वात जड. सुरुवातीच्या काही मिनिटांतच एक लहान मुलगा स्वतःच्या बहिणीच्या जिवावर उठतो, तेही रात्री झाडाखाली विधी मांडून. राक्षसाला मुलं घाबरत नाहीत, आपल्याच वयाच्या मुलाला घाबरतात. १० वर्षांच्याला सुरुवात संपल्यावर आत घ्या. मागे काय घडलं ते दोन वाक्यांत सांगता येतं.

'थामा'त रक्त पिणं हाच विषय आहे, मारामारीही जास्त रांगडी. १३ ला ठीक. १० ला मी दाखवणार नाही, आणि त्याने त्याचं काही अडणारही नाही.

---

कोकणकडा

मुंज्याच्या सुरुवातीबद्दल जायफळशी सहमत, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मुलं असतील तर पहिला ठेवायचा माझा सल्ला मागे घेतो.

---

रीळवाला

+१. आणि 'भेडिया' सकाळी लावणार असाल तर वर लिहिलेलं 'दिवे मालवा' बदलून 'पडदे ओढा' असं वाचा. उन्हाच्या तिरिपेत त्या जंगलातलं काहीही दिसणार नाही.