जनुकं जास्त म्हणजे संरक्षण जास्त?

कुणीतरी विचारलंय की गाणाऱ्या पक्ष्यांत एमएचसीची (रोगजंतू ओळखायला मदत करणाऱ्या रेणूंची) इतकी जनुकं असतात, मग ते आजारी पडायलाच नकोत. हिशेब इतका सरळ नाही.

वर्ग १ चा एमएचसी रेणू म्हणजे पेशीच्या दारात धरलेलं ताट. त्याच्या खाचेत साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचा प्रथिनाचा तुकडा बसतो आणि टी पेशी (रोगप्रतिकार करणारी पांढरी पेशी) तो तपासते. खाचेच्या आतला आकार बदलला की बसणारे तुकडेही बदलतात. कोंबडीत अशी फक्त दोन मुख्य जनुकं, त्यातही एकाचंच चालतं. म्हणूनच मॅरेक रोगाला (कोंबड्यांचा एक विषाणूजन्य आजार) काही कोंबड्या दाद देत नाहीत, तर काही पटापट मरतात. वटवट्यांच्या (छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या) काही जातींत मात्र एकाच पक्ष्यात डझनांनी प्रकार सापडतात.

पण जितकी ताटं जास्त, तितके स्वतःच्याच प्रथिनांचे तुकडेही जास्त. त्यांवर तुटून पडणाऱ्या टी पेशी थायमसमध्येच (त्या जिथे तयार होतात त्या ग्रंथीत) बाद होतात, त्यामुळे फौजेला भोकं पडू शकतात. शिवाय सगळी जनुकं सारख्या जोमाने व्यक्त होत नाहीत. नुसती मोजून काय उपयोग?

मला भावलेली गोष्ट वेगळीच. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं, आणि कोंबडीत तरी त्यांवर वर्ग १ चे रेणू भरपूर दिसतात (कोंबडीचा एमएचसी आधी रक्तगट म्हणूनच सापडला!). आपल्या तांबड्या पेशींना केंद्रक नाही, हे रेणूही जवळपास नाहीत. त्यामुळे हिवतापाचा परजीवी तिथे बऱ्यापैकी लपतो. पक्ष्यांत त्याला ती सोय तितकी नसावी. स्वीडनमधल्या, बोरूच्या गवतात राहणाऱ्या मोठ्या वटवट्यांत विशिष्ट एमएचसी प्रकार आणि पक्षी-हिवताप यांचा संबंध दिसलाय, तो या नजरेने वाचून बघा.