मदत हवी आहे: दोन गडद हिरव्यांतला कुठला घ्यावा?

नमस्कार मंडळी,
फोंड्याजवळ आमचं चिऱ्यांचं जुनं घर आहे. पाऊस सरला की बसायची खोली रंगवायची आहे, दिवाळीच्या आत. रंग गडद हिरवाच, यावर घरात एकमत आहे. (आई सोडून. ती म्हणते, "काळोखातच बसायचं तर दिवे कशाला?")

गाडी अडलीय ती फॅरो अँड बॉल या ब्रिटिश रंगकंपनीच्या दोन शेडवर: स्टुडिओ ग्रीन नं. 93 आणि बेव्हर्ली नं. 310. मूळ डबा परवडणारा नाही, दुकानदार मशीनवर जुळवून देतो म्हणाला. मोबाईलवर दोन्ही सारखेच वाटत होते. भिंतीवर हातभर पट्टे मारले तेव्हा कळलं: स्टुडिओ ग्रीन दाराजवळ हिरवा, आतल्या कोपऱ्यात चक्क काळा. बेव्हर्ली कोपऱ्यातही हिरवा राहतो, पण दार उघडून ऊन आत आलं की शाळेतल्या फळ्यासारखा दिसतो. खिडक्या दोनच, त्याही काचेऐवजी शिंपल्यांच्या. उजेड येतो तो दुधट. जमीन लाल कोब्याची, तिच्याशेजारी कुठलाही हिरवा जास्तच उठतो.

चारही भिंतींना स्टुडिओ ग्रीन दिला तर गुहा होईल का? आणि मॅट (बिनचकाकीचा) की सॅटिन (थोड्या चकाकीचा)? रंगारी मॅट म्हणतो, सॅटिनमध्ये जुन्या गिलाव्याचे उंचवटे दिसतात म्हणून. पण घरात लहान मुलं आहेत, मॅटवर हातांचे डाग पडणार.

प्रतिसाद १
दिवे कुठले ते लिहिलं नाहीत! 2700 केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली हिरवा शेवाळी होतो, 6500 च्या ट्यूबखाली निळसर. मशीनवर जुळवलेल्या रंगात रंगद्रव्यं वेगळी असतात, त्यामुळे दुकानात जुळलेला रंग घरच्या उजेडात वेगळा दिसू शकतो. पट्टे रात्री दिवा लावून बघा. माझं मत बेव्हर्ली, आणि मॅटच, पण धुता येईल असा.

प्रतिसाद २
शेड राहू द्या, आधी ओल बघा. लोणा (ओलीमुळे भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार) पांढऱ्या भिंतीवर खपून जातो, गडद हिरव्यावर लांबून दिसतो. गिलावा चुन्याचा असेल तर वर प्लास्टिक इमल्शन नको. आतली ओल कोंडते आणि रंग फुगून पापुद्रे सुटतात.

मूळ धागाकर्ता
दोघांचेही आभार. दिवे पिवळेच आहेत. काल रात्री पाहिलं, स्टुडिओ ग्रीन बाद. गिलावा सिमेंटचा आहे, पण न्हाणीघराकडच्या भिंतीला खाली वीतभर लोणा आहे खरा. ती एक भिंत यंदा चुन्यावरच ठेवून बाकी तीन बेव्हर्ली केल्या, तर विचित्र दिसेल का?