रेडिओहेडचं ‘क्रीप’: कोरसआधीचे ते गिटारचे फटके कसे काढायचे? आणि गाणं आधी पडलं का?

पांढरी_पाच (प्रश्न)

कॉलेजच्या गॅदरिंगसाठी रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचं ‘क्रीप’ बसवतोय. दोन गिटार, बेस, ड्रम्स आणि गायक. चारच कॉर्ड आहेत, त्यामुळे वाजवायला अडचण नाही. अडतंय ते कोरसच्या (ध्रुवपदाच्या) तोंडाशी. बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुडच्या गिटारचे ते कोरडे, कर्कश फटके आमच्याकडे नुसते ‘टक टक’ वाजतात. डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारा इफेक्ट) वाढवलं की शिट्टी सुरू होते, कमी केलं की दम जातो.

दुसरं, घरी रेकॉर्ड करून पाहिलं तर वर्स (कडवं) आणि कोरस एकाच उंचीचे ऐकू येतात. मूळ रेकॉर्डमध्ये कोरस अंगावर येतो, तो कशामुळे?

आणि शेवटचं: हे गाणं इंग्लंडमध्ये पहिल्यांदा चाललंच नाही असं ऐकलं. खरं आहे का?

तारांचा_कारागीर

फटक्यांबद्दल लिहितो. त्यात कुठलाही सूर नाही. डावा हात तारांवर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही, आणि उजव्या हाताने सगळ्या तारा जोरात झोडायच्या. तुमचा ‘टक टक’ बहुतेक पुढच्यापैकी एका कारणाने येतोय.

डाव्या हाताचं एकच बोट तारांवर असेल आणि ते पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर पडलं, तर घंटेसारखे बारीक वरचे सूर (हार्मोनिक्स) वाजतात. तीन-चार बोटं आडवी पसरून ठेवा. पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) मानेकडचा असेल तर आवाज गुबगुबीत येतो, ब्रिजकडचा, म्हणजे तारा अडकवलेल्या टोकाकडचा घ्या. पिक पातळ असेल तर तो वाकतो आणि जोर वाया जातो. ०.८८ ते १ मिमीचा पिक वापरा आणि खर्जाच्या तारा सुटू देऊ नका, सगळं वजन त्यांच्यातच असतं. डिस्टॉर्शनच्या आधी कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारा इफेक्ट) लावला असेल तर काढून टाका. फटक्याचं पहिलं टोकच तो बोथट करतो.

ग्रीनवुडकडे तेव्हा टेलिकास्टर प्लस गिटार आणि मार्शलचा श्रेडमास्टर पेडल होता. तो पेडल मार्शलने २०२३ मध्ये पुन्हा काढला, पण त्यासाठी अडून बसू नका. मधल्या फ्रिक्वेन्सी भरपूर असलेलं कुठलंही डिस्टॉर्शन चालेल. आपल्याकडे बरेच जण बास आणि ट्रेबल वाढवून मिड शून्यावर नेतात. खोलीत एकट्याने वाजवताना ते छान वाटतं, ड्रम्स सुरू झाले की गिटार गायब होते.

शिट्टीचं कारण म्हणजे गेन (डिस्टॉर्शनची मात्रा) जास्त आणि अँपचा आवाज कमी. उलटं करा: गेन अर्ध्याच्या थोडं वर, बाकीचा जोर अँपच्या व्हॉल्यूममधून. अँपकडे तोंड करून उभे राहू नका, बाजूला सरका. नॉइज गेट (वाजवत नसताना आवाज बंद ठेवणारा इफेक्ट) लावलाच तर त्याचा अटॅक, म्हणजे उघडण्याचा वेळ, शक्य तितका जलद ठेवा, नाहीतर फटक्याची सुरुवातच कापली जाते.

वर्सचे अर्पेजिओ (कॉर्डचे एकेक सुटे सूर) एकाच गिटारवर सोपवा. दुसऱ्याने पेडल चालू ठेवून दोन्ही हातांनी तारा झाकून थांबायचं. ऐन वेळी पाय शोधायला नको. फटके वर्सच्या शेवटच्या सी मायनरवर येतात. रेकॉर्ड लावून टाळी देत त्यांच्या जागा पाठ करा. थोडे जरी आधी पडले तरी गायकाच्या ओळीचा शेवट चिरडला जातो.

खर्ज_ते_तार

कॉर्ड सोपे म्हणालात, पण त्यांची चाल समजून घेतली तर वर्स निम्म्या आवाजातही उभा राहील. जी, बी, सी, सी मायनर; प्रत्येक दोन मापं, वेग मिनिटाला साधारण ९२ ठोके. जी म्हणजे पांढरी पाचचा षड्ज धरा. जी हा तिसऱ्या फ्रेटवर ई आकाराचा बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) घ्या. बी दुसऱ्या फ्रेटवर, सी आणि सी मायनर तिसऱ्यावर, हे तिन्ही ए आकाराचे. आता फक्त दुसरी तार पाहा: तिसरा फ्रेट, चौथा, पाचवा, परत चौथा, आणि पुन्हा तिसरा. म्हणजे पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत, कोमल धैवत, पंचम. वर चढून, न टिकता खाली येणारी ही ओळ म्हणजे गाण्याची सगळी तगमग आहे. अर्पेजिओत दुसरी तार हुकली तर गाणं सपाट होतं. बेसवाल्याने वर्समध्ये मूळ सुरावर राहावं, हौसेने भरणा करू नये.

गायकाला सांगा की हे गाणं मध्य षड्जापासून तार गांधारापर्यंत जातं आणि ब्रिजमध्ये (शेवटच्या कडव्याआधीच्या वेगळ्या भागात) वरचे सूर लांब धरावे लागतात. बहुतेक पुरुष गायकांचा तिथे गळा आवळतो. तारा एक पूर्ण सूर खाली लावा, म्हणजे बोटं तीच राहतात आणि गाणं एफमध्ये येतं. मात्र तारा ०.०१० इंचाच्या असतील तर ०.०११ च्या चढवा. सैल तारांवर तो झोडलेला फटका पिचकतो.

टेप_आणि_फेडर

कोरस अंगावर येतो तो आधीच्या शांततेमुळे. हे गाणं ऑक्सफर्डशायरमधल्या चिपिंग नॉर्टन स्टुडिओत झालं, निर्माते पॉल कोल्डरी आणि शॉन स्लेड. बँड तिथे वेगळी गाणी करायला गेला होता आणि ती मनासारखी होत नव्हती. मग निर्मात्यांनी हे गाणं वाजवायला सांगितलं आणि सगळ्यांनी एकत्र वाजवलेलं तेच रेकॉर्डिंग पायाला राहिलं. ग्रीनवुडला गाणं फार मिळमिळीत वाटत होतं, म्हणून तो ते फटके मारून त्याची शांतता मोडायला बघत होता, असं बँडमधल्याच एड ओब्रायनने सांगितलं आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मोडायला आधी शांतता असावी लागते. तुमचा वर्स आधीच भरगच्च असेल तर फटक्यांना मोडायला काही उरतच नाही.

घरी करताना वर्समध्ये एक गिटार, बेस, घट्ट बंद हाय-हॅट (ड्रम्समधली जोडझांज), बस. रिव्हर्बचा (घुमाऱ्याचा) ढग नको. कोरसला डिस्टॉर्शनची गिटार दोनदा वेगवेगळी वाजवून डावी-उजवीकडे टाका. एकच टेक कॉपी करून दोन बाजूंना टाकला तर रुंदी मिळत नाही, तो मधोमधच ऐकू येतो. मिक्समध्ये कोरस वर्सपेक्षा ६ ते ८ डीबी मोठा राहू द्या.

मग मास्टरवरचा, म्हणजे पूर्ण मिक्सवरचा लिमिटर (ठरावीक पातळीच्या वरचा आवाज दाबणारा). तुमची खरी चूक इथेच असावी. १० डीबी दाबलं की वर्स वर येतो, कोरस तिथेच राहतो. २-३ डीबीच्या पुढे जाऊ नका, सर्वोच्च पातळी उणे १ डीबीवर थांबवा. स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्सला (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आवाज समान करतं, आणि तो हिशोब पूर्ण गाण्याचा असतो. त्यामुळे वर्स शांत ठेवलेल्या गाण्याचा कोरस तिथे उलट जास्त मोठा वाजतो. लिमिटरने चेपून काहीच पदरात पडत नाही.

पियानोचंही सांगतो, कारण तो बरेच जण सुरुवातीपासून घालतात. मिक्स करताना कोल्डरीकडून पियानो वेळेवर वर घ्यायचा राहिला आणि तो शेवटाकडेच ऐकू आला. बँडला ते आवडलं आणि तसंच ठेवलं. तुम्हीही शेवटापर्यंत राखून ठेवा.

जुन्या_रेकॉर्डी

पडलं हे खरं आहे. सप्टेंबर १९९२ मध्ये सिंगल आलं आणि ब्रिटिश यादीत ७८ व्या क्रमांकापर्यंतच गेलं. बीबीसी रेडिओ १ ला ते फार उदास वाटलं, त्यामुळे वाजलं कमी. बँडला वाचवलं बाहेरच्या रेडिओने. इस्राएलमध्ये योआव कुटनर या निवेदकाने ते सतत वाजवलं आणि तिथे ते गाजलं. १९९३ मध्ये बँड तेल अवीवला जाऊन वाजवून आला. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रेडिओ स्टेशनने उचललं आणि अमेरिकेत पसरलं. बिलबोर्डच्या मॉडर्न रॉक यादीत दुसरा क्रमांक, मुख्य हॉट १०० मध्ये ३४ वा. त्यानंतर सप्टेंबर १९९३ मध्ये इंग्लंडात पुन्हा काढलं, तेव्हा ७ व्या क्रमांकावर गेलं. मधल्या वर्षभरात गाणं बदललेलं नव्हतं. म्हणून पहिल्या महिन्याच्या आकड्यांवरून गाण्याची किंमत ठरवणं मला पटत नाही.

रेडिओसाठी एक शिवी काढून तिथे ‘व्हेरी’ गायलेली आवृत्ती केली होती. गॅदरिंगला प्राध्यापक समोर असतील तर तीच गा, वजनात बरोबर बसते.

श्रेय लिहिताना रेडिओहेडबरोबर अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवूड ही नावंही घाला. त्यांच्या ‘द एअर दॅट आय ब्रीद’शी साम्य असल्यामुळे त्यांना सहलेखक म्हणून श्रेय आणि रॉयल्टीचा वाटा मिळाला. रेकॉर्डिंग कुठे अपलोड करणार असाल तर ही नावं वगळून चालणार नाही.

पांढरी_पाच

गेन कमी करून अँप वाढवला, शिट्टी गेली. दुसऱ्या तारेवरची ओळ कळल्यावर वर्स खरंच वेगळा वाटतोय. मास्टरवर ९ डीबी दाबत होतो. आता स्टेजचा प्रश्न: साउंडवाले काका सगळ्यांचा आवाज सारखा ठेवतात. वर्स आला की फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर, कोरस आला की खाली.

टेप_आणि_फेडर

साउंडचेकला गाणं सुरुवातीपासून वाजवू नका. आधी फक्त शेवटचा कोरस पूर्ण जोरात वाजवा आणि काकांना सांगा, ‘लेव्हल इथे लावा, मग फेडरला हात नको.’ त्यानंतर वर्स वाजवून दाखवा, म्हणजे तो मुद्दाम लहान आहे हे त्यांना कळेल. मुख्य आउटपुटवर कॉम्प्रेसर असेल तर तुमच्या गाण्यापुरता बंद करायची विनंती करा. फटके मारणाऱ्या गिटारच्या अँपसमोर वेगळा माइक मागा आणि त्याचा गेन फटके मारूनच लावून घ्या. नुसते कॉर्ड वाजवून लावला तर ऐन वेळी चॅनल फाटतो.